काळी गनला, पांढरी हाताला

हळूभाऊंचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. वर्कशॉपात ते कुणी उच्चारत नसे. ट्रकच्या चाकांचे नट उघडायची हवेची गन त्यांच्याकडे होती. साऱ्या शेडमधली सर्वांत धसमुसळी वस्तू ती. चालू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि ती ज्याच्या हातात, त्याच्या तोंडी दिवसभर एकच शब्द. नट आधी हातानं बसव, हळू. पाइप ओढू नकोस, हळू. जॅक सोडतोयस ना, हळू. एकदा मालक गाडी मागे घेत होते. हळूभाऊ सवयीनं म्हणाले, "हळू." मालकांनी कचकन ब्रेक दाबला. मागे पंपाची टाकी होती, वीतभर अंतरावर. त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच.

ते फार बोलायचे नाहीत. बोलायची गरज नव्हती, कारण बोलायचं काम त्यांच्या मेहुण्याकडे होतं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला त्यांनीच वर्कशॉपात चिकटवला होता. चाक जॅकवर उचललं की नट उघडताना ते फिरतं. ते फिरू नये म्हणून एकानं पहार अडकवून शेजारी बसायचं, दुसऱ्यानं गन चालवायची. मेहुणा पहारेवर, दाजी गनवर. अशी त्यांची जोडी. दाजींच्या मनात काय आहे ते मेहुण्याला पाठ झालं होतं. भुवई हलली की पहार सरकायची. नट निघाला की याचा हात खाली तयार. मेहुणा लोकांना सांगायचा, आमच्या ताईनं या माणसाबरोबर संसार केला, पण त्यांना समजून घेतलं ते मी. बहीण म्हणायची, समजून घ्यायला आहे काय त्यांच्यात, एकच तर शब्द.

गनच्या तोंडाला एक जाड पोकळ नळकांडं बसतं. ते नटावर टोपीसारखं चढतं आणि गनचा जोर नटाला देतं. दुकानदार त्याला सॉकेट म्हणतात. वर्कशॉपात त्यालाच गोटी म्हणतात. गोट्या दोन जातींच्या. एक चकचकीत, आरशासारखी. ती हातानं फिरवायच्या पान्याची. दुसरी काळी, खरखरीत, जाड अंगाची, दिसायला अगदीच सुमार. ती गनची. कारण गन नट फिरवते असं फक्त वाटतं. खरं तर ती ठोकते. एका सेकंदात किती घाव घालते त्याचा हिशेब कानाला लागत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो सोसायचा काळ्या गोटीनं. चकचकीत गोटी कडक असते, तोऱ्यात असते, आणि कडक वस्तू मार खाताना वाकत नाही. एक दिवस काचेसारखी फुटते.

म्हणून नियम होता. काळी गनला, पांढरी हाताला. नव्या माणसाला गेटवर पाणी देण्याआधी हे वाक्य द्यायचे. अंधारात, घाईत, डोळ्यांत घाम गेलेला असताना माणूस आकडा वाचत नाही. तो रंग बघतो आणि हात घालतो. नियम रंगावर उभा होता. तो कशावर उभा आहे हे रंग असेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

झालं असं, की शेडमधला पाण्याचा पाइप गळायला लागला. खाली गोट्यांचा ट्रे होता. सुट्टी संपून माणसं परत आली तेव्हा काळ्या गोट्या तांबड्या झाल्या होत्या. गंज चढला होता. मोठ्या वाहतूक कंपनीचे साहेब शेड बघायला यायचे होते. मालक वैतागले. हळूभाऊ म्हणाले, घरी नेतो, साफ करून आणतो.

घरी बायको होती. तिच्या हातची साफसफाई म्हणजे तिच्या आळीत एक दाखला होता. नळाच्या तोटीत तोंड बघून भांग पाडावा अशी तोटी. तिनं पिशवी उघडली, नाक मुरडलं आणि म्हणाली, ठेवा तिथे. न्हाणीघर धुवायचं ऍसिड प्लॅस्टिकच्या बादलीत ओतलं. गोट्या त्यात सोडल्या. बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहिली, सकाळपर्यंत. सकाळी तारेच्या ब्रशनं घासून तिनं त्या पुसल्या, तेलाचा हात दिला आणि फडक्यावर मांडल्या. गंज गेला होता. गंजाबरोबर काळा रंगही गेला होता. गोट्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या होत्या.

वर्कशॉपात कौतुक झालं. मेहुण्यानं तर एक गोटी उचलून गालाला लावली आणि म्हणाला, लग्नात ताईनं ही दिली असती तर दाजींनी आणखी काही मागितलं नसतं. मालकांनी सगळा ट्रे नीट लावायला सांगितला. मेहुण्यानं तो लावला. हाताच्या गोट्या, गनच्या गोट्या, सगळ्या आकाराप्रमाणे, एका ओळीत. इतका देखणा ट्रे त्या शेडमध्ये कधी नव्हता. साहेब येऊन गेले. मान डोलावून गेले.

आणि मग एका दुपारी मोठी गोटी फुटली. मागच्या चाकाचा नट गंजून बसला होता. हळूभाऊंनी हात लांबवला, मेहुण्यानं ट्रेमधली गोटी हातात दिली, ती त्यांनी गनला चढवली. दोघांनीही आकडा बरोबर घेतला होता. नट सुटत नव्हता. हळूभाऊंनी ट्रिगर जास्त वेळ दाबून धरला. आवाज बदलला, एवढं त्यांना आठवतं. मग मेहुणा पहार सोडून मागे बसला होता. खुर्चीत बसावं तसा. गालावर हात. बोटांच्या फटीतून लाल.

डोळा वाचला. तुकडा गालाच्या हाडात घुसला होता, डोळ्याच्या खाली. डॉक्टर म्हणाले, नशीब. हे सगळे म्हणतात.

फुटलेली गोटी कुठली होती? हाताची, की धुतलेली गनची? कुणाला सांगता येईना. आकार एक, चकाकी एक. तुकडे झाडणाऱ्यानं झाडून टाकले होते. त्याचं काही चुकलं नाही. रक्त सांडलं की माणूस आधी फरशी धुतो.

गालाची जखम भरली. टाके निघाले. मेहुणा कामावर आला नाही.

हळूभाऊ त्याच्याकडे गेले. तो एका शिंप्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायचा, एकटा. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा. तो त्याला चालायचा. गल्लीत कुणी भिंतीला ड्रिल लावलं की मात्र त्याच्या हातातला पेला टेबलावर जायचा आणि दोन्ही हात मांड्यांखाली. त्या दिवशी हळूभाऊंनी ते पाहिलं. कधी येतोस, असं विचारायला आले होते, ते विचारायचं राहिलं. निघताना मेहुणाच म्हणाला, आधी गोट्या बदला. तुम्ही स्वतः निवडा. मग बघू.

मग बघू. या दोन शब्दांवर हळूभाऊ जगत होते म्हणायला हरकत नाही. मालकांनी पहारेवर दुसरी माणसं दिली. एक जण फोनवर बोलत पहार धरायचा. दुसरा इतका तत्पर, की नट निघायच्या आधीच पहार काढायचा. हळूभाऊंना दर नटाला थांबावं लागे. सांगावं लागे. आयुष्यभरात बोलले नसतील एवढं ते त्या दिवसांत बोलले. संध्याकाळी घरी आले की बुटाची नाडी सुटायची नाही. गनच्या हादऱ्यांनी बोटं बधिर झालेली. बायको खाली वाकून नाडी सोडायची.

ती भावाविषयी काहीच बोलायची नाही. डबा भरायची, पण स्वतः न्यायची नाही. नवऱ्याबरोबर पाठवायची. भावानं विचारलं, ताई का येत नाही, तर हळूभाऊ सांगायचे, गुडघे. तिचे गुडघे ठणठणीत होते. घरातल्या नळांवर मात्र पांढरी पुटं चढली होती. न्हाणीघरातली बादली तिनं कुणाला तरी देऊन टाकली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय विचारायचं? हळूभाऊंनीही विचारलं नाही. त्यांना वाटत होतं, ट्रिगर आपण दाबला. तेवढं पुरे होतं त्यांना.

शेवटी मालक म्हणाले, भाव बघू नका, जा आणि घेऊन या. त्यांनाही जोडी परत हवी होती.

सुट्टीच्या सकाळी हळूभाऊ निघाले. बायकोनं चप्पल घातली आणि म्हणाली, "मी येते."

"तू कशाला? लोखंडाचं दुकान ते."

"बघते," ती म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर बघत राहिली. हत्यारांच्या दुकानांची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना साखळ्या, दोर, पाने लटकत होते. पहिल्या दुकानात एक तरुण विक्रेता होता. त्यानं काळ्या गोट्यांची पेटी उघडून दाखवली. सुरेख पेटी, आत लाल मखमल, प्रत्येक गोटीला आपला खड्डा. हळूभाऊंनी सर्वांत मोठी उचलली. खिशातून खिळा काढला आणि गोटीच्या बुडाशी ओरखडा मारला. काळा पापुद्रा उडाला. आत चकाकी होती.

वरून कीर्तन, आतून तमाशा. चकचकीत गोटीला काळा रंग फासला होता. विक्रेता म्हणाला, काका, माल खराब करू नका. हळूभाऊ म्हणाले, माझ्या हातानं नाही झाला. पेटी बंद करून ते बाहेर पडले. दुधानं तोंड पोळलं होतं त्यांचं. आता ते ताकही फुंकूनच पिणार होते.

दुसऱ्या दुकानात काउंटरमागे एक बाई बसल्या होत्या. दुकानाच्या मालकीणबाई. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात ग्रीस. त्या कुणाच्या तरी जॅकचा पंप उघडून बसल्या होत्या. हळूभाऊंनी खिळा काढला. बाईंनी तो बघितला आणि मान हलवली.

"मारा ओरखडा. मी स्वतः मारूनच घेते."

इथे ओरखड्याखाली काळपट करडं पोलाद निघालं. हळूभाऊंच्या खांद्यातलं काहीतरी थोडं सैल झालं.

मग निवड सुरू झाली. हळूभाऊ घाई करणारे नव्हतेच. बाईंनी गोट्या काउंटरवर ओतल्या आणि पुन्हा पंपाकडे वळल्या. गोटी घ्यायची, डोळ्यासमोर धरायची, आत बघायचं. आत सहा कोन हवेत. बारा कोनांची नटावर पटकन बसते, पण धरते फक्त टोकांना. गनचा मार बसला की नटाची टोकं झिजतात, नट गोल होतो, आणि मग चाकापुढे बसून रडायचं. सहा कोनांतही त्यांना अशी हवी होती, की जिची टोकं आतून किंचित गोलसर सोडलेली आहेत. ती नटाला टोकावर धरत नाही, अंगावर धरते. नट वाचतो आणि गोटीही कोपऱ्यात चिरत नाही.

मग मागची बाजू. गन जिथे घुसते तो चौकोन. हळूभाऊंनी गन बरोबर आणली नव्हती, पण तिच्या तोंडाचा तुटका तुकडा आणला होता. तो प्रत्येक गोटीत घालून हलवून बघितला. जी खुळखुळली ती बाजूला. सैल बसणारी गोटी घाव नटाला देत नाही, स्वतःच खाते. चौकोनाजवळ आरपार भोक आहे का, बाहेरून रबरी कडीसाठी खाच आहे का. पिन आणि कडी असली की गोटी गनवरून उडून जात नाही. मग भिंतीची जाडी. पातळ नको हे कुणीही सांगेल. पण फार जाडही नको. त्यांच्याकडच्या काही चाकांचे नट खोल खड्ड्यात असतात. जाड गोटी तिथे उतरतच नाही. मग लोक ती ग्राइंडरवर धरून बारीक करतात, ती तापते, आणि तापलेल्या पोलादाचा भरवसा संपतो.

लांब नळीची एक घेतली. छोट्या गोटीला जोड लावून लांब करण्यापेक्षा ती बरी. जोडात जोर वाया जातो. आकडा रंगवलेला आहे की खोदलेला, हेही बघितलं. रंग दोन महिन्यांत जातो. खोदलेला राहतो.

सगळी पेटी घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. रोज लागणारे आकार तेवढेच, पण एकेक निवडून. बाजूला काढलेल्या गोट्यांची रास मोठी झाली. घेतलेल्यांची छोटी. बायको स्टुलावर बसून बघत होती. मध्येच तिनं एक उचलली, हातात तोलली आणि ठेवली. ही किती कुरूप आहे, असं काहीतरी पुटपुटली.

बाईंनी ऐकलं. त्या हसल्या. म्हणाल्या, काळ्यांचं पोलाद वेगळं. थोडं मऊ, पण चिवट. मार खाल्ला की किंचित दबतं, फुटत नाही. म्हातारी झाली की तोंड फाकतं हिचं. तेव्हा टाकून द्यायची. ती आधी सांगते तरी. पांढरी सांगत नाही.

बायकोनं ती गोटी पुन्हा उचलली. मग तिनं विचारलं. आवाज नेहमीचाच होता, दुकानात आलोच आहोत तर विचारून घ्यावं तसा.

"आणि हिला गंज चढला, तर ऍसिडनं धुतली तर चालते का?"

हळूभाऊंचा हात गोटीत तसाच राहिला.

बाईंनी पंपातून मान वर केली नाही. "गंजाला तेल आणि ब्रश. ऍसिड नको. जरा वेळ बुडवून काढली तर फारसं बिघडत नाही. पण तासन् तास ठेवली, तर कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. आतून. बाहेरून उलट छान दिसतं."

"असं होतंच का?"

"होतंच असं नाही. होऊ शकतं."

बायकोनं मान डोलावली. बाईंचे आभार मानले. पदराशी तिची बोटं चाळा करत होती. हळूभाऊंनी पिशवी भरून घेतली. त्यांना ती न्हाणीघराच्या कोपऱ्यातली बादली दिसत होती. तिला काय दिसत होतं ते विचारायची गरज नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाची पायरी होती. ती तिथे बसली. हळूभाऊ पिशवी घेऊन उभे राहिले. पिशवी जड होती. मग तेही बसले.

बराच वेळ माणसं येत-जात राहिली. एक हमाल डोक्यावर तारेचं भेंडोळं घेऊन गेला.

"फुटली ती पांढरीच होती," हळूभाऊ म्हणाले. "हाताचीच."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायला त्यांना वेळ लागायचा, आणि वेळ लागला की ते जमायचं नाही.

"माहीत नाही."

"मग?"

"मग काय. नियम होता. रंग गेल्यावर मी जाडी बघून हाताची बाजूला काढायला हवी होती. मी नाही काढली. मिळाली ती लावली."

"बादलीत मी ठेवल्या," ती म्हणाली.

"आणल्या मी."

अशी ती वाटणी चालली. दोघांनाही आपला वाटा मोठा हवा होता. संसारात वस्तूंवरून भांडलेली माणसं. या वाटणीत भांडण नव्हतं, आवाज नव्हता, नुसता थकवा होता. शेवटी ती उठली आणि म्हणाली, चला, त्याच्याकडे. हळूभाऊ म्हणाले, आज? ती म्हणाली, डबा नाहीये आज, नुसतीच जाऊ.

मेहुण्यानं दार उघडलं. बहिणीला बघून तो आधी तिच्या गुडघ्यांकडे बघायला लागला. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. बहिणीनं त्याचा चेहरा बघितला. तिनं तो टाके असताना बघितला होता, नंतर नाही. डोळ्याखाली एक गुलाबी रेघ होती. त्या बाजूची पापणी थोडी खाली ओढलेली. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

ती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बादली, ऍसिड, सकाळपर्यंत. दुकानातल्या बाई काय म्हणाल्या ते. होतंच असं नाही, हे तिनं सांगितलं नाही. ते हळूभाऊंनी मधे घातलं.

मेहुणा ऐकत होता. संपल्यावर तो बहिणीकडे वळला.

"म्हणजे ताई, लहानपणी तू मला दगडानं घासघासून आंघोळ घालायचीस. तेव्हापासूनच मी ठिसूळ झालो म्हण की."

ती हसली. हसता हसता खाटेवर बसली आणि मग बराच वेळ तिला उठता आलं नाही. मेहुण्यानं पाण्याचा पेला आणून तिच्या शेजारी ठेवला. त्यानं एवढंच सांगितलं, की ट्रे त्यानं लावला होता. काळ्या आणि पांढऱ्या त्यानं एका ओळीत लावल्या, छान दिसाव्या म्हणून. त्यामुळे उगीच सगळं श्रेय तिनं एकटीनं घेऊ नये. आणि दाजींनी तर नाहीच नाही, त्यांना श्रेय घ्यायची सवय नाही.

मग त्यानं पिशवी मागितली. गोट्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या. आत बोट फिरवलं. मोठी गोटी कानाशी नेऊन नखानं वाजवली. चौकोनात दाजींचा तुटका तुकडा घातला, हलवला.

"बाजूला किती काढल्या?"

हळूभाऊंनी हातानं राशीची उंची दाखवली.

"चांगल्या निवडल्या," तो म्हणाला. "मी पण याच घेतल्या असत्या."

"मग येतोस?"

हे विचारायला हळूभाऊंना सगळा दिवस लागला होता. सगळा दिवस काय, कितीतरी दिवस. खाली मशीन थांबलं. शिंपी दोरा भरत असावा.

"नाही दाजी," मेहुणा म्हणाला.

बहीण पेल्याकडे बघत राहिली.

मेहुणा म्हणाला की त्याला वाटलं होतं, गोट्या बदलल्या की होईल. चांगल्या गोट्या बघितल्या की मन मानेल. आता बघितल्या. मन मानतं. अंग मानत नाही. रस्त्यावर कुणाच्या मोटारसायकलचा सायलेन्सर फटकन वाजला तरी तो वळणावरच्या भिंतीला टेकतो. म्हणाला, पहारेवर बसलो आणि तुमची गन सुरू झाली, की मी पहार टाकून पळेन. तेव्हा चाक फिरेल आणि तुमचा हात जाईल. त्यापेक्षा नाही आलेलं बरं.

हळूभाऊंनी गोट्या परत पिशवीत भरायला सुरुवात केली. घाई नव्हती. बोटांत पकड नव्हती, एक निसटून जमिनीवर पडली, घरंगळत खाटेखाली गेली. मेहुणा वाकून काढायला गेला. खाटेखालूनच बोलला. तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं असेल.

"एकच आहे. गन माझ्या हातात असेल तर."

"काय?"

तो बाहेर आला, कपड्यांवरची धूळ झटकत. "आवाज कधी होणार ते माहीत नसतं, त्याची भीती वाटते. आवाज माझ्याच बोटात असला, तर चालेल. गिरणीचा भोंगा वाजवणाऱ्या माणसाला भोंग्याची भीती वाटते का? मी गन धरतो. तुम्ही पहारेवर बसा."

वर्कशॉपात गन हातात असणं म्हणजे काय, ते तिघांनाही माहीत होतं. पहारेवर नवा माणूस बसतो. गनवर जुना. हळूभाऊंना ती गन त्यांच्या उस्तादानं दिली होती, निवृत्त होताना, सगळ्यांसमोर. साधी हवेची गन, पण हातात घेताना त्यांचे डोळे भरले होते, असं सांगणारी माणसं शेडमध्ये अजून होती. आणि पहारेवर बसायचं म्हणजे जमिनीवर, गुडघ्यांवर, नटाच्या उंचीला तोंड ठेवून. जिथे मेहुणा बसला होता, तिथे.

"बघू," हळूभाऊ म्हणाले.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. बायकोनं पिशवी मांडीवर घेतली होती. तिनं भावाची बाजू घेतली नाही, नवऱ्याचीही नाही. एकदा फक्त म्हणाली, तुम्हाला झेपेल का खाली बसायला? हळूभाऊ म्हणाले, झेपायचा प्रश्न नाही. मग प्रश्न कसला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. त्यांना आठवत होतं, की मेहुणा इतकी वर्षं त्या जागी बसला आणि त्यानं एकदाही विचारलं नाही, दाजी, तिकडून कसं दिसतं. आपणही त्याला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळूभाऊंनी नव्या गोट्या ट्रेमध्ये मांडल्या. हाताच्या सगळ्या गोट्या वेगळ्या ट्रेमध्ये घालून तो ट्रे शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. धुतलेल्या गोट्या एका डब्यात भरून त्यांनी मालकांसमोर भंगारात टाकल्या. मालक म्हणाले, अहो, त्यांतल्या काही चांगल्या असतील. हळूभाऊ म्हणाले, असतील.

मग त्यांनी मेहुण्याला फोन केला. फोनवर ते आणखीच कमी बोलत. ये, म्हणाले. गन तुझी.

तो दुपारच्या आधी आला. गेटपाशी थोडा थांबला. शेडमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारला, तेव्हा त्याचा खांदा वर गेला आणि हळूहळू खाली आला. माणसं गोळा झाली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी गालाकडे बघायचं टाळलं. टवाळखोर इलेक्ट्रिशियन म्हणाला, जावईबापू आज जमिनीवर आणि मेहुणा गादीवर, घरातलं राज्य इथपर्यंत आलं म्हणायचं. मेहुणा म्हणाला, घरात पण हेच आहे, तुला उशिरा कळलं. लोक हसले. हळूभाऊही हसले असावेत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवरचा जाड सुरक्षेचा चष्मा, आणि चढवला. मेहुण्यानंही चढवला.

मागचं चाक जॅकवर होतं. हळूभाऊंनी खुंटीवरून गन काढली, मेहुण्याच्या हातात दिली. सोडायला मात्र क्षणभर उशीर झाला, मेहुण्याला किंचित ओढावी लागली. मग ते वाकले. एक गुडघा टेकला, मग दुसरा. पहार दोन बोल्टांमध्ये अडकवली आणि खांदा तिच्यावर टाकला. नट त्यांच्या नाकासमोर होता. इतक्या जवळून त्यांनी तो कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. गंजाचे पापुद्रे होते त्याच्यावर, आणि कुणाच्या तरी अंगठ्याचा ग्रीसमधला ठसा.

मेहुण्यानं गोटी चढवली. पिन बघितली. रबर बघितलं. नटावर बसवली.

"दाजी, तोंड त्या बाजूला करा."

हळूभाऊंनी तोंड फिरवलं. समोर शेडची भिंत होती आणि तिला टेकवलेली टायरं. त्यांनी टायरांकडे बघायचं ठरवलं. गन सुरू झाली. डोळे आपोआप मिटले, दात आपोआप आवळले गेले, मान खांद्यात गेली. घाव पहारेतून त्यांच्या छातीत येत होते. आपल्या हातात गन असताना हा आवाज एवढा मोठा नव्हता. आवाज थांबत नव्हता. ते पहार धरून राहिले.

मग नट सुटला. मेहुण्यानं गन खाली घेतली. तो घामानं निथळत होता.

हळूभाऊंनी डोळे उघडले. पहारेवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. खाली हात लावायचा राहून गेला होता, नट जमिनीवर पडला होता. ते त्याला शोधायला वाकले.

"राहू द्या," मेहुणा म्हणाला. "नंतर उचलू. दुसरा घेऊ या?"

हळूभाऊंनी पहार पुढच्या बोल्टांमध्ये सरकवली.